चौदा जणांचं टेबल

संध्याकाळचे साडेआठ वाजलेत. हॉटेलच्या लॉबीत चौदा माणसं उभी आहेत. दिवसभर किल्ला, देऊळ, बाजार, समुद्र असं सगळं पालथं घालून झालंय. दोघी आजी सोफ्यावर टेकल्यात, एक चिमुरडा आईच्या खांद्यावर डुलक्या घेतोय आणि चौघं जण चार मोबाइलवर चार वेगवेगळी ठिकाणं शोधताहेत. ‘इथे व्हेज मिळेल का?’ ‘काकांना तिखट चालत नाही.’ ‘तिथे आत्ता मरणाची गर्दी असेल.’ बघता बघता नऊ वाजतात. शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘जाऊ दे, इथेच खाली खाऊन घेऊ.’ आणि शेकडो किलोमीटर अंतर कापून आलेला गट राहत्या हॉटेलच्या तळमजल्यावर पनीर बटर मसाला, तंदुरी रोटी आणि जिरा राइस खाऊन झोपायला जातो.

पुण्या-मुंबईहून, नागपूर-नाशिकहून गटानं निघणाऱ्या कुणालाही हे दृश्य नवं नाही. गाडीची तिकिटं चार महिने आधी काढलेली असतात. खोल्या दोन महिने आधी ठरलेल्या असतात, त्यातही कुणाला समुद्राकडची आणि कुणाला तळमजल्याची यावर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रीतसर चर्चा झालेली असते. रात्रीचं जेवण मात्र लॉबीत, भुकेल्या पोटी, अर्ध्या तासात उरकायचा विषय. हे बदलायला हवं. गटानं एकत्र बसून केलेलं जेवण हा सहलीतला स्वतंत्र कार्यक्रम आहे आणि तो किल्ल्याइतकाच आधी ठरवून ठेवण्याच्या लायकीचा आहे. बसमध्ये माणसाला पुढच्याची पाठ दिसते. देवळात प्रत्येक जण देवाकडे बघतो, समुद्रावर फोटोकडे. दिवसभरात सगळे एकमेकांसमोर येतात ते फक्त जेवायला बसल्यावर.

मग बसायचं कुठे? गटाला गजबजलेली जागा हवी असते आणि ती हौस रास्तच आहे. ओस पडलेल्या, एसीच्या घरघरीत पांढऱ्या टेबलक्लॉथवर चमच्यांचा आवाज ऐकत जेवायला कुणी घर सोडून जात नाही. पण गजबज आणि गोंगाट यात फरक आहे. गजबज माणसांमुळे होते. शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चाललेला असतो, वेटर स्वयंपाकघराकडे ऑर्डर ओरडत असतो, दारात ओळखीची माणसं भेटत असतात. गोंगाट भोंग्यामुळे होतो, आणि भोंग्याखाली बसलेल्या गटात जो तो मोबाइल काढून बसतो, कारण समोरच्याचं ऐकूच येत नाही.

यामागे शास्त्रही आहे. आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो, ही गोष्ट एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये मांडली आणि ती आजही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. एका टेबलानं आवाज चढवला की दुसरं चढवतं, मग तिसरं. कमी ऐकू येणाऱ्या आजोबांची संध्याकाळ तिथेच संपते. कानातलं यंत्र सगळेच आवाज मोठे करतं, नातवाचाही आणि स्पीकरचाही.

दुसरी एक गोष्ट रॉबिन डनबार या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं गप्पा मारणाऱ्या माणसांची मोजदाद करून दाखवली. एका गप्पेत साधारण चारच माणसं टिकतात. पाचवं आलं की थोड्याच वेळात गप्पेची दोन टोळकी होतात. म्हणजे चौदा जणांच्या लांब टेबलावर तीन-चार वेगळ्या मैफिली चालणार हे ठरलेलंच आहे आणि त्यात वाईट काही नाही. त्या मैफिलींना जोडणारी वस्तू मात्र टेबलावर लागते, ती म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरणारं ताट. ज्याची त्याची वेगळी डिश आली की टेबल तुटतं. मधोमध मोठं भांडं आलं की ‘जरा इकडे सरकव’ म्हणावंच लागतं.

गोव्याचं उदाहरण घेऊ, कारण मराठी माणसाच्या गट-सहलीचं ते सगळ्यात ठरलेलं ठिकाण. तिथे पहिली चूक होते ती वेळेची. ‘गोव्यात जाऊन फिश थाळी खायची’ हे मनात पक्कं असतं. पण शीत-कडी, तळलेला मासा, किस्मूर, तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी असं भरलेलं ताट हा तिथे मुळात दुपारचा विषय आहे. थाळीसाठी नावाजलेल्या कितीतरी खानावळी दुपारी तीनपर्यंत आवरतात. रात्री नऊला थाळी शोधत फिरणाऱ्या गटाला मग किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये चायनीज मिळतं आणि ‘गोव्याच्या जेवणात काही राम राहिला नाही’ असं म्हणत तो परततो. थाळी दुपारी खावी. रात्री तिथल्या ख्रिस्ती स्वयंपाकाकडे वळावं. काफ्रेल, शाकुती, आंबोटिक, सोबत रस्सा टिपायला पोई आणि शेवटी थराथरांचं बेबिंक. यातला प्रत्येक पदार्थ मधोमध ठेवून वाटून घेण्याचा आहे.

दक्षिण गोव्यात बेताळभाटीला मार्टिन्स कॉर्नर आहे. १९८९ मध्ये मोजक्या टेबलांवर सुरू झालेली ती जागा आज मोठी झाली आहे, गाजलेली आहे, सुट्टीच्या दिवसांत तिथे ताटकळावंही लागतं. ‘ती तर टुरिस्टांची जागा’ म्हणून नाक मुरडणारेही पुष्कळ. पण तिथल्या संध्याकाळचं गणित गटाला सोयीचं आहे. मोठी टेबलं, वर छप्पर पण बाजू मोकळ्या, आणि एखाद-दुसरा गायक जुनी गाणी म्हणत असतो. बाजू मोकळ्या असल्या की आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही, आणि गाण्याखाली बोलणं बुडत नाही. गोव्यात अशा छोट्या-मोठ्या जागा गावोगाव आहेत. त्या ओळखायची साधी खूण म्हणजे रविवारी दुपारी चर्चमधून परतलेली कुटुंबं तिथे बसलेली दिसतात का. आजी, नातवंडं, काका असा लवाजमा घेऊन स्थानिक माणूस जिथे जातो, तिथे बाहेरच्या आजीचीही सोय होते. जिना अवघड नसतो, स्वच्छतागृह जवळ असतं आणि पाणी मागावं लागत नाही.

ऋतूही बघावा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत ‘आजची ताजी सुरमई’ म्हणून पुढे येणाऱ्या ताटाबद्दल दोन प्रश्न विचारलेले बरे. खाडीतले मासे, खेकडे, तिसऱ्या, सुकी सुंगटं हा पावसाळ्याचा खरा मेनू आहे, आणि ज्या खानावळीत वेटर हे आपणहून सांगतो, तिथे निर्धास्त बसावं.

आणि शाकाहारी? प्रत्येक मराठी गटात तीन-चार तरी असतातच, शिवाय त्या दिवशी कुणाची तरी चतुर्थी किंवा गुरुवार निघतो. त्यांच्यापुढे व्हेज फ्राइड राइस ठेवून बाकीच्यांनी माशावर ताव मारायचा, ही गटातली सगळ्यात वाईट वागणूक. गोव्याच्या हिंदू स्वयंपाकात खतखतं आहे, मुगागाठी आहेत, अळसांद्याचं तोणाक आहे, पावसाळ्यात आळम्यांची शाकुती आहे. हे पदार्थ मेनूवर छापलेले असतीलच असं नाही. सकाळी फोन करून सांगितलं तर कितीतरी ठिकाणी करून मिळतात. रात्री नऊला दारात उभं राहून मागितलं तर मिळत नाहीत.

ज्या गटात शाकाहारीच जास्त, त्याला अहमदाबाद सोपं जातं. सुरेंद्र पटेल यांनी १९७८ मध्ये शहराच्या कडेला ‘विशाला’ उभारलं, तेव्हा जेवणाच्या जागेलाच खेड्याचं रूप दिलं. कंदिलाचा उजेड, शेणानं सारवलेली जमीन, बुटकी टेबलं, एका बाजूला कठपुतळ्या, दुसरीकडे लोकगीतं, आणि आवारातच जुन्या भांड्यांचं ‘विचार’ हे संग्रहालय. गटाच्या दृष्टीनं तिथलं मोठं सुख म्हणजे मेनूकार्डाची कटकट नाही. ताट येतं, वाढपी फिरत राहतात, आग्रह होतो. कुणी काय मागवायचं यावर अर्धा तास जात नाही. पंगतीची सवय असलेल्या माणसाला तिथे आपसूक मोकळं वाटतं. फक्त गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी उंच बसायची सोय आधी विचारून घ्यावी.

इंदूरचा सराफा वेगळा. दिवसा दागिन्यांची पेठ आणि दुकानांची शटरं ओढली की त्याच ओट्यांपुढे खाण्याची जत्रा. भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी, मध्यरात्र उलटली तरी माणसांचा पूर. जिवंतपणात त्याला तोड नाही, पण तिथे चौदा जणांना बसायला जागा नाही. उभ्या उभ्या, धक्के खात, हातात द्रोण. तरुण गटानं जरूर जावं, पाच-पाचच्या टोळ्या करून जावं आणि ज्येष्ठांना त्या रात्री दुसरीकडे नीट बसवून जेवू घालावं.

परदेशी सहलीत प्रश्न आणखी अवघड होतो. मराठी पर्यटन कंपन्यांनी गेल्या तीन-चार दशकांत परदेशात भारतीय जेवणाची सोय केली, म्हणूनच ज्यांनी कधी देश सोडला नसता अशा हजारो आई-वडिलांनी आल्प्स पाहिला. युरोपात आठव्या दिवशी मिळालेला वरण-भात काय असतो, हे पासष्टीच्या माणसाला विचारावं. ती सोय हवीच. पण दहा रात्रींपैकी एक रात्र तरी त्या गावाच्या टेबलावर जावी.

म्युनिकचंच बघा. तिथली बिअरगार्डनं म्हटलं की आपल्याकडच्या कुटुंबवत्सल माणसाच्या डोळ्यांपुढे बार येतो. प्रत्यक्षात ती चेस्टनटच्या झाडांखालची अंगणं आहेत. बाबागाड्या, आजोबा, कुत्री, शाळकरी पोरं, कोपऱ्यात मुलांना खेळायला जागा. लांब लाकडी बाकं असतात आणि अनोळखी माणसाशेजारी जागा रिकामी दिसली की विचारून बसायचं हाच रिवाज. या अंगणांचा एक नियम तर मराठी गटासाठीच केल्यासारखा आहे. खाणं घरून आणायची मुभा. १८१२ मध्ये बव्हेरियाचा राजा पहिला मॅक्स योझेफ यानं बिअर बनवणाऱ्यांना आपल्या तळघरांपाशी ती विकायला परवानगी दिली, पण इतर खानावळवाल्यांचा धंदा बुडू नये म्हणून पाव सोडून दुसरं काही खायला द्यायला मनाई केली. लोक मग घरून डबे आणू लागले. तीच रीत १९९९ च्या बव्हेरियन नियमावलीत आली. घरचं खाणं आणता येणं ही बिअरगार्डनची ओळखच मानली जाते. टेबलावर कापड अंथरलेलं असेल तर तिथे वेटर येणार, म्हणजे डबा काढायचा नाही. उघड्या लाकडाच्या टेबलावर खुशाल थेपले, दशम्या, चटणी मांडावी. पेय मात्र तिथलंच घ्यायचं, आणि त्यात सफरचंदाच्या रसाचा सोडाही असतो.

हिर्शगार्टन नावाच्या बागेत सुमारे आठ हजार माणसांची बसायची सोय आहे, शेजारच्या कुंपणात हरणं आहेत. उन्हाळ्यात नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. एका टेबलावर मोठा ब्रेत्सेल, म्हणजे पीळ घातलेला पाव, मोडून वाटला जातो, मुळ्याच्या चकत्यांवर मीठ भुरभुरलेलं असतं, ओबात्स्दा नावाचं चीजचं लालसर वाटण मधोमध असतं. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पुण्याहून आणलेली शेंगदाण्याची चटणी उघडली तर शेजारचा जर्मन आजोबा चव बघायला हात पुढे करतो. शाकाहाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बव्हेरियातलं बटाट्याचं सॅलड बहुधा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं, दिसायला कितीही निरुपद्रवी वाटलं तरी विचारून घ्यावं. आणि खानावळीत टेबलावर आधीच ठेवलेले ब्रेत्सेल फुकट नसतात. निघताना वेटर मोजतो.

याच म्युनिकमध्ये गजबज आणि शेजाऱ्यांची झोप यांचा झगडाही झाला. एका बिअरगार्डनच्या शेजाऱ्यांनी आवाजाविरुद्ध दाद मागितली, कोर्टानं ते लवकर बंद करायला लावलं, तेव्हा मे १९९५ मध्ये वीस हजारांवर लोक रस्त्यावर उतरले. तोडगा निघाला तो समंजस आहे. संगीत रात्री दहाला थांबतं, अंगण अकराला. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई आहे, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. गोव्याच्या किनारपट्टीवर हा नियम पाळला जावा म्हणून रहिवाशांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. पाहुण्यानं एवढं तरी करावं की आपल्या एका संध्याकाळसाठी कुणाच्या तरी परीक्षेच्या अभ्यासावर स्पीकर सोडणारी जागा निवडू नये.

सिंगापूरमध्ये गटाचा जुना प्रश्न, म्हणजे व्हेज-नॉनव्हेजचा, हॉकर सेंटरनं सोडवला आहे. १८९४ मध्ये उभा राहिलेला लाउ पा सात हा बिडाच्या खांबांचा अष्टकोनी बाजार बघावा. मधे टेबलं, भोवती टपऱ्या. ज्याला जे हवं ते त्यानं आणायचं आणि सगळ्यांनी एकाच टेबलावर बसायचं. संध्याकाळी शेजारची बून टॅट स्ट्रीट वाहनांना बंद होते आणि निखाऱ्यांवर साते भाजायला लागतात. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे असं समजायचं, एसटीतल्या रुमालासारखंच. खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा. सप्टेंबर २०२१ पासून तसं न केल्यास कारवाई होते. सिंगापूरच्या या हॉकर संस्कृतीची युनेस्कोनं २०२० मध्ये वारसा म्हणून नोंद केली.

एका बाबतीत मात्र हौसेला मुरड घालावीच लागेल. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागून १४ जणांचा जीव गेला. वाढदिवसाला जमलेल्या मुली त्यात होत्या. आठ वर्षांनी, डिसेंबर २०२५ मध्ये, गोव्यात हडफड्याच्या नाइट क्लबला लागलेल्या आगीत २५ जण गेले, त्यात बहुतेक तिथेच राबणारी माणसं होती. दोन्ही ठिकाणं ‘हॅपनिंग’ म्हणूनच लोकांनी निवडली होती. तेव्हा जागेत शिरताना दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघावं. एकच अरुंद जिना, बांबूचं-ताडपत्रीचं छत, आत फटाके नाहीतर आगीचे खेळ असं दिसलं की बुकिंग सोडून निघावं. चौदा जणांची जबाबदारी घेतलेल्या माणसानं एवढा वाईटपणा घ्यायलाच हवा.

बिलाचंही आधीच बोलून घ्यावं, म्हणजे शेवटी कुणाचं तोंड वाकडं होत नाही. टीटीएमएम चालणार की सगळ्यांचं मिळून समान, मुलांचा निम्मा वाटा धरायचा का, दारू घेणाऱ्यांनी तेवढं वेगळं द्यायचं का, हे बसमध्येच ठरावं. आपल्याकडे सेवा शुल्क आपोआप बिलात घालता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. त्यामुळे ती रक्कम बिलातून काढायला सांगायचा हक्क आहे. पण चौदा जणांना तीन तास सांभाळून घेणाऱ्या वेटरच्या हातावर चार पैसे आनंदानं ठेवावेत. तिथे काटकसर करू नये.

मोबाइलवरच्या ताऱ्यांना फार महत्त्व देऊ नये. चार पूर्णांक पाच तारे एका जोडप्यानं दिलेत की वीस जणांच्या कुटुंबानं, हे त्यातून कळत नाही. त्यापेक्षा फोटो बघावेत. फोटोत नुसतीच सजवलेली ताटं असतील तर पुढे जावं. पांढऱ्या केसांची माणसं आणि उंच खुर्चीत बसवलेली बाळं दिसली तर तिथे फोन लावावा. फोन दुपारी बारापूर्वी करावा, तेव्हा मालकाला बोलायला उसंत असते. नऊऐवजी साडेसातची वेळ मागावी. त्या वेळी स्वयंपाकघर ताजंतवानं असतं, पोरं जागी असतात आणि मधलं मोठं टेबल अजून मोकळं असतं. ऑर्डर एकानंच द्यावी, दोन टप्प्यांत द्यावी, आणि पहिला टप्पा वाढणाऱ्याच्या सल्ल्यानं ठरवावा.

दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्या गटांच्या खोल्या आता ठरल्या असतील. त्यातल्या एका रात्रीचं टेबलही आजच सांगून ठेवा. फोनवर आधी माणसं किती ते सांगा, मग आजींसाठी पायऱ्या किती ते विचारा, आणि ठेवण्याआधी त्या दिवसांत तिथल्या बाजारात काय येतं तेही विचारून घ्या.